फोटोच्या मागची बाजू

फोटो सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, हा प्रश्न मला हल्ली लग्नात, बारशाला, अगदी दादरच्या पुलावर गर्दीत उभं राहूनसुद्धा विचारला जातो, कारण आमच्या गणपती मंडळाचे फोटो मी लावून दिले ही बातमी आमच्या लोकांत पसरलीय आणि आता सगळे मलाच धरतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलंही घे बाबा, पण घ्यायच्या आधी एवढं बघ की उद्या ते बंद पडलं तर तुझ्या हातात काय उरतंय. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. लोकांना नाव पाहिजे असतं, म्हणजे डाउनलोड करून मोकळं होता येतं.

आमची चाळ करी रोड स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर. होती, असं म्हणायला पाहिजे आता. रिडेव्हलपमेंटला गेली आणि माणसं पांगली, कोण ट्रान्झिट कॅम्पात, कोण भाडं घेऊन डोंबिवलीला, कोण बदलापूरला, एक कुटुंब तर पार विरारच्या पुढे. मंडळाचं कपाट रिकामं करायची वेळ आली तेव्हा त्यात पावतीपुस्तकं, पितळी समया, दोन तुटके स्पीकर आणि फोटो निघाले. फोटो म्हणजे काय काय, तर काळ्या पानांचे जुने अल्बम, नंतरचे ते चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचे अल्बम, मिठाईच्या खोक्यात सुटे प्रिंट, निगेटिव्हच्या पट्ट्या, स्केचपेनने 'विसर्जन' एवढंच लिहिलेल्या सीड्या, आणि मग प्रत्येकाच्या फोनमध्ये असलेला वेगळाच ढिगारा. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, तुझ्याकडे कॅमेरा आहे, तू शिवडीला फ्लेमिंगोचे फोटो काढायला जातोस, कॉम्प्युटरचंही कळतं, तूच बघ. आमच्याकडे 'तूच बघ' म्हटलं की ठराव मंजूर झाला.

सुट्या प्रिंटांत एक पोस्टकार्ड साइजचा कलर फोटो होता, ट्रकवर मूर्ती, समोर सात-आठ पोरं, रंग सगळे लालसर झालेले. तो उलटा केला तर मागे बॉलपेनने लिहिलेलं: 'आगमन. डावीकडून बाळू, मास्तर, नाना (टोपी), मागे पेंटर, त्याच्या बाजूला शांताचा भाऊ. फोटो धाकट्याने काढला.' हे अक्षर अण्णांचं. अण्णा तेव्हा मंडळाचे खजिनदार, आणि हिशोबाची सवय असल्यामुळे असेल, हातात आलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे ते नावं लिहायचे. बॉलपेन इतकं दाबून चालवलंय की फोटो तिरका धरला तर पुढून मूर्तीच्या पोटावर 'मास्तर' उमटलेलं दिसतं. शाई सुकायच्या आत गठ्ठा बांधला असणार, कारण त्याच्या खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर हीच नावं उलट्या अक्षरांत फिकट निळी उतरलीयत. पेन्सिलने का नाही लिहिलं असं विचारलं तर अण्णा म्हणाले, उठतच नव्हती रे पेन्सिल. बरोबरच आहे. सत्तरच्या दशकापासून कलर प्रिंटचा कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला यायला लागला, त्यावर साधी पेन्सिल घसरते.

तर ही मागची बाजू. माझं सगळं म्हणणं या बाजूबद्दलच आहे. डिजिटल फोटोलाही ती असते, फक्त ती बघायला फोटो उलटा करता येत नाही.

कॅमेरा स्वतःहून जे लिहितो त्याला एक्झिफ म्हणतात. कुठला कॅमेरा, कुठली लेन्स, शटर किती, अ‍ॅपर्चर किती, फ्लॅश पडला का, आणि तारीख वेळ अगदी सेकंदापर्यंत. माणसाने लिहायचा जो भाग असतो तो आयपीटीसी नावाने ओळखला जातो, कारण तो बातम्यांच्या धंद्यातून आला. वृत्तसंस्थांनी १९६५ मध्ये लंडनला एक संघटना काढली होती, बातम्या एकमेकांकडे कशा पाठवायच्या याचे नियम ठरवायला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी फोटोबरोबर कॅप्शन, फोटोग्राफरचं नाव, गाव, कीवर्ड (म्हणजे शोधायला लावलेले शब्द) हे कसं बांधून पाठवायचं ते ठरवलं. नंतर २००१ मध्ये अडोबीने असली माहिती लिहायची एक्सएमपी नावाची नवी पद्धत आणली आणि हाच मजकूर तिच्यात बसवला गेला. फोटो कुठेही गेला तरी नावं बरोबर जातात, वेगळी चिठ्ठी लागत नाही. अण्णांना यातलं एक अक्षर माहीत नव्हतं आणि ते हेच करत होते.

गंमत अशी की अण्णांनी नावं सगळी लिहिली पण साल कुठेच नाही. एकाही फोटोवर नाही! विचारलं तर म्हणाले, साल काय लिहायचं, माहीतच आहे की. कॅमेऱ्याचं बरोबर उलटं, त्याला सेकंद माहीत असतो आणि माणूस एकही माहीत नसतो.

आता सॉफ्टवेअरचं. ढोबळ मानाने दोन जाती आहेत. एक नुसती फोल्डर उघडून दाखवणारी, आणि दुसरी कॅटलॉग ठेवणारी. अडोबीचं लाइटरूम दुसऱ्या जातीतलं, २००७ मध्ये बाजारात आलं आणि लग्नवाल्या फोटोग्राफरांपासून पक्षीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी उचललं. त्यात फोटो 'आत' जात नाहीत हे लोकांना पटवणं फार कठीण जातं. फोटो असतात तिथेच असतात, डिस्कवर, तुमच्या फोल्डरात. कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेसची फाइल, तिच्यात लिहिलेलं असतं की अमुक फोटो अमुक ठिकाणी आहे, त्याला चार स्टार दिलेत, एक्स्पोजर इतकं वाढवलंय, कीवर्ड हे आहेत. म्हणून तर मूळ फोटोला धक्का न लावता कितीही एडिट करता येतं आणि कधीही मागे जाता येतं, हे त्याचं मोठं सुख आहे, मी नाकारत नाही. पण बाहेरून, म्हणजे साध्या एक्सप्लोररमध्ये जाऊन फोल्डर इकडचं तिकडे केलं की कॅटलॉगला पत्ता सापडत नाही आणि फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. बंद करताना ते बॅकअप घेऊ का विचारतं ना, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही लिहिलेली नावं आणि कॅप्शन ते मुळात कॅटलॉगमध्येच ठेवतं, फोटोच्या फाइलीत उतरवायची असतील तर सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपीची टिक आपण लावावी लागते, ती आधीपासून लावलेली येत नाही. ती टिक लावली तरी कलेक्शन (आपण बांधलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या कॅटलॉगमधल्या वेगळ्या आवृत्त्या) फाइलीत जात नाहीत, त्या कॅटलॉगपुरत्याच.

मग सॉफ्टवेअर बंद पडलं की काय? आणि बंद पडतातच. अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर नावाचं फोटोंचं सॉफ्टवेअर २००५ मध्ये आलं, लोकांनी त्यावर आपली अख्खी लायब्ररी उभी केली, २०१४ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की आता पुढे काम करणार नाही आणि २०१५ मध्ये विकायचंही थांबवलं. गूगलने २००४ मध्ये पिकासा हे असंच सॉफ्टवेअर घेतलं, घराघरांत ते गेलं, २०१६ मध्ये आवरतं घेतलं. लाइटरूम एकदा पैसे देऊन कायमचं विकत घेता यायचं ते सहाव्या व्हर्जनपर्यंत, त्यानंतर दर महिन्याचे पैसे. गूगल फोटोजमध्ये २०१५ पासून थोड्या कमी क्वालिटीत कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून तेही गेलं, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. यात कुणाला दोष द्यायचा नाहीये, धंदा आहे, गणित बदललं की दुकान बदलतं. पण आपल्या आजोबांची नावं दुसऱ्याच्या दुकानातल्या वहीत लिहून ठेवण्यात शहाणपण नाही.

आमच्याच मंडळात हे झालं. आमचा सेक्रेटरी दादा, फार मनापासून काम करणारा, त्याने एका फुकटातल्या सॉफ्टवेअरवर, नाव नाही घेत, कितीतरी रात्री बसून एकेक चेहऱ्याला चौकट करून नाव दिलं होतं. लॅपटॉप गेला. फोटो सगळे बाहेरच्या डिस्कवर शाबूत होते, एकही गेला नाही, आणि तरी सगळं गेलं, कारण नावं होती त्या सॉफ्टवेअरच्या पोटातल्या फाइलीत आणि ती फाइल कुठे असते हे कोण बघतं. नशिबाने कॅप्शन त्याने टाकल्या होत्या त्या तेवढ्या फोटोच्या आत लिहिल्या गेल्या होत्या, त्यामुळे 'हळदीकुंकू, दुसरा मजला' एवढं कळलं. कुणाचं हळदीकुंकू ते चौकटींबरोबर गेलं. दादा त्या दिवशी फक्त म्हणाला, जाऊ दे, परत करू. परत कसलं करतोय, त्यातल्या दोन-तीन आज्या तोपर्यंत नव्हत्या.

म्हणून मी जेव्हा बसलो तेव्हा आधी एकच गोष्ट तपासली, की मी जे टाइप करीन ते फाइलीत उतरतंय का. मी डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि त्याच्या मेटाडेटाच्या, म्हणजे या मागच्या बाजूच्या माहितीच्या, सेटिंगमध्ये काय काय फोटोत लिहायचं ते एकेक टिक लावून ठरवता येतं. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलीत, मी सरळ आतच लिहितो. कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे कच्च्या मूळ फाइलीला मात्र हात लावत नाही, तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल राहते, तिला साइडकार म्हणतात. फक्त रॉ हलवताना साइडकारही उचलायची, नाहीतर फोटो एका गावाला आणि नावं दुसऱ्या. आणि मग खात्री करायला तोच फोटो एखाद्या भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बघतो. तिथे कॅप्शन दिसली तर ती खरी माझी.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत यावर बरेच लोक मला अक्कल शिकवून गेले. मी मराठीतच लिहिलं. अण्णांनी जे मराठीत लिहिलं ते मी रोमनमध्ये कशाला करू? पण त्यात एक तांत्रिक भानगड आहे ती सांगतो, कारण ती कुठे लिहिलेली सहसा सापडत नाही. जुन्या आयपीटीसीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे, बाइट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जागा मोजायचं छोटं माप. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा साहेबाला ६४ अक्षरं मिळाली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाचे वेगळे ३. म्हणजे आपल्याला जेमतेम २१ चिन्हं. 'चिंचपोकळीचा चिंतामणी' ५८ बाइटमध्ये कसाबसा बसतो. 'गिरगाव चौपाटी विसर्जन मिरवणूक' ८१ बाइट होतात, त्यामुळे मर्यादा पाळणारा प्रोग्रॅम 'गिरगाव चौपाटी विसर्जन म' इथे कापतो, पुढच्या वेलांटीचा एक तुकडा चौकोनासारखा लोंबत ठेवून. एक्सएमपीत ही मर्यादा नाही. तरी मी कीवर्ड छोटे छोटेच ठेवले, गिरगाव वेगळा, विसर्जन वेगळा, मिरवणूक वेगळा, लांबलचक काय ते कॅप्शनमध्ये. शोधायलाही तेच बरं पडतं.

शोधण्यावरून आठवलं. कॉम्प्युटरला 'गणपती' आणि 'गणपति' या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. शब्दातला 'ऱ्या' कोणी कुठल्या कीबोर्डवर कसा टाइप केला त्यावरसुद्धा दोन प्रकार होतात, डोळ्यांना सारखेच दिसतात आणि शोधलं तर एकच सापडतो. त्यामुळे मी सुरुवातीलाच कीवर्डची यादी पक्की केली आणि तिच्याबाहेर जायचं नाही असं ठरवलं, झाडासारख्या फांद्या असतात त्यात तसं: उत्सव, त्याखाली पाटपूजन, आगमन, देखावा, आरती, विसर्जन; माणसं, त्याखाली मजल्याप्रमाणे घरं. पोरांनी मदत करताना 'बाप्पा', 'मोरया', 'धमाल' असले कीवर्ड टाकले होते ते काढले, पोरं रुसली. धमालचं काय करू मी, सगळेच फोटो धमाल आहेत.

स्कॅनिंगचं फार सांगत नाही. साधा फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), चार बाय सहाच्या प्रिंटचे साधारण ८६ लाख पिक्सेल होतात, भरपूर आहेत. चिकट पानांचे अल्बम मात्र शत्रू. मुंबईच्या दमटपणात तो गोंद असा काही मुरलाय की फोटो ओढला तर चेहरा पानावर राहतो, त्यामुळे जे सहज सुटले नाहीत ते पानासकट स्कॅन केले. आणि लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन केली, त्याच नंबरने, शेवटी 'मागे' लावून. अण्णांची नावं कॅप्शनमध्ये टाइप केली तरी अण्णांचं अक्षर वेगळं ना.

खरी मजा सालांची. स्कॅन केलेल्या फोटोला सॉफ्टवेअर आजची तारीख लावतं, त्यामुळे ट्रकवरचा बाळू, जो आता आजोबा आहे, तो फोनवरच्या परवाच्या वाढदिवसाच्या शेजारी येऊन बसतो. तारीख बदलायला गेलं की महिना, दिवस, तास, मिनिट सगळं मागतं. आमच्याकडे असतं ते 'संपाच्या वर्षी'. गिरणगावात सालं अशीच सांगतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यामुळे त्या वर्षीचा गणपती ओळखायला फार डोकं लागत नाही, मंडप छोटा, लायटिंग नाही, आणि वर्गणीच्या फोटोतले चेहरे बघवत नाहीत. 'दंगलीनंतरचा' म्हणजे १९९३. 'पाणी भरलं त्या वर्षीचा' म्हणजे २००५. '२०२०' मात्र सगळे आकड्यातच सांगतात, त्या वर्षी सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली होती, लालबागच्या राजाच्या मंडळाने तर मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, आणि आमच्या फोल्डरात त्या वर्षीचे फोटो इतके कमी आहेत की उघडलं की लगेच संपतं. एक्सएमपीमध्ये नुसतं साल लिहिलं तरी चालतं हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. सगळी सॉफ्टवेअरं ते धड दाखवत नाहीत, कुणी त्याला आपल्या मनाने १ जानेवारी करून टाकतं. गणपती १ जानेवारीला! म्हणून कॅप्शनमध्येही 'संपाच्या वर्षी' असं शब्दांत लिहिलंच.

तारखेचा घोळ डिजिटलमध्येही आहेच हं. एका वर्षी दुबईहून आलेल्या काकांनी विसर्जनाचे फोटो आपल्या भारी कॅमेऱ्याने काढले, माझेही होते. दोन्ही एकत्र करून वेळेप्रमाणे लावले तर काकांच्या फोटोत मूर्ती अजून मंडपातून निघायचीय आणि माझ्या फोटोत ती भारतमाता सिनेमाच्या पुढे पोचलीय. काकांचं घड्याळ दुबईचं होतं, दीड तास मागे. एक्झिफमध्ये टाइमझोन लिहायला जागाच नव्हती कित्येक वर्षं, ती २०१६ मध्ये दिली. उपाय सोपा आहे, दोघांच्या कॅमेऱ्यात सापडलेला एकच क्षण शोधायचा. आम्हाला नारळ सापडला, गाडीच्या चाकासमोर फोडताना हवेत उडालेलं पाणी, त्यांच्यात उजवीकडून माझ्यात डावीकडून. दोघांतला फरक काढला आणि काकांचा अख्खा गठ्ठा तेवढा पुढे सरकवला, एका फटक्यात.

चेहरे ओळखण्याची जादू कुठल्याही सॉफ्टवेअरची घ्या, गणेशोत्सवात तिची परीक्षाच असते. ज्याला दोन डोळे, नाक, तोंड दिसेल त्याला चौकट. आमचे देखावे चलतचित्राचे असायचे, तेव्हा अफझलखानाला चौकट आली, महिषासुराला आली, खाली विचारलेलं 'हे कोण?' गणपतीला बहुतेक ठिकाणी नाही आली, सोंडेमुळे हिशोब जुळत नसावा. बाप तरुणपणी आणि मुलगा आता हे एकच माणूस आहेत अशी सूचना तर इतक्या वेळा येते, आणि बघितलं की आपणही क्षणभर गप्प होतो कारण खरंच सारखे दिसतात. सूचना तपासूनच होकार द्यायचा, आळसाने 'सगळे मान्य' केलं की अख्खी पिढी एकमेकांत मिसळते. आणि हे काम घरच्या मशीनवरच केलं, नेटवर चढवून नाही. आमच्या बायकामाणसांचे, पोरांचे चेहरे नावानिशी कुठल्या कंपनीला द्यायचे हे ठरवायचा अधिकार मला 'तूच बघ'मध्ये मिळालेला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंबद्दल मी कमी बोललेलं बरं. आकार कमी होतो, एक्झिफ पुसलं जातं, फाइलीच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसून पोचल्याची. 'पाठवले ना तुला ग्रुपवर' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी केबल घेऊन घरी जाऊन गाठलंय किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावलंय. एकाच फोटोच्या पाच-सहा पिल्लांतून मोठं कुठलं ते काढायला सारखे दिसणारे फोटो शोधायची सोय असते, ती कामाला आली.

निवडीचं मात्र वेगळं झालं. शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उडाले की कॅमेरा मशीनगनसारखा चालवायचा आणि घरी येऊन शंभरातले पंच्याण्णव उडवायचे, ही माझी सवय. वर्तमानपत्रवाले तर याहून निर्दय, ते फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते रॉ फाइल उलगडत बसत नाही, तिच्यात आधीच असलेला छोटा जेपेग दाखवतं, त्यामुळे बोट ठेवलं की फोटो पुढे, वानखेडेवर ओव्हर बदलेपर्यंत निवड झालेली असते. मंडळाच्या फोटोंत मी याच बेताने बसलो होतो, हललेले, डोळे मिटलेले, अर्ध्या डोक्याचे सगळे एक स्टार देऊन बाजूला. ती यादी पुसायच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींना सहज दाखवली, आणि एका हललेल्या फोटोत आरतीच्या गर्दीत मागे कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं. आमचे हे, म्हणाल्या, यांचा फोटो कुठेच नाही, फोटो काढायला कोणी आलं की बिडी प्यायला खाली जायचे. पक्ष्यांचा नियम इथे चालत नाही. तेव्हापासून स्टार मी फक्त 'छापण्यासारखा' एवढ्याच अर्थाने देतो आणि पुसायचं मावशींना विचारून.

डिस्क तीन आहेत. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकांच्या डोक्यात बसवलेला नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ज्या शहराने २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस बघितलाय तिथे तळमजल्यावरच्या कपाटात तिन्ही प्रती ठेवण्यात अर्थ नाही हे कुणाला समजवावं लागत नाही. एक माझ्याकडे, एक दादाकडे सातव्या मजल्यावर, एक बहिणीकडे पुण्याला, शिवाय क्लाउडवर एक कुलूपबंद प्रत. दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतर तिन्ही डिस्क लावून नवीन फोटो चढवायचे आणि जुन्यातले काही उघडून बघायचे, नुसत्या पडून राहिलेल्या डिस्कवर माझा विश्वास नाही.

राहिलेले फोटो 'विचारायचंय' या कीवर्डखाली आहेत. त्यासाठी लॅपटॉप घेऊन बदलापूरला अण्णांकडे गेलो, तिथे शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आलेले आमचे पेंटर काका पण येऊन बसले, तेच ते ट्रकच्या फोटोतले. एका फोटोत मंडपाच्या कमानीवर वर्ल्डकपचं मोठं कटआउट आहे. मी म्हटलं हे तर सोपंय, जून १९८३ मध्ये कप जिंकला, म्हणजे त्या सप्टेंबरचा गणपती. अण्णा म्हणाले बरोबर. पेंटर काका म्हणाले अजिबात नाही, कटआउट मीच रंगवलेलं, संपानंतर पैसे नव्हते म्हणून दुसऱ्या वर्षी तेच परत लावलं आणि हा त्या दुसऱ्या वर्षीचा फोटो आहे, बघ कपाची एक कडा उडालीय, पावसात भिजलं होतं ते. अण्णा म्हणाले ८४ चा हिशोब माझ्याकडे आहे, त्यात नवीन कमानीचा खर्च दाखवलाय. काका म्हणाले खर्च दाखवला असशील, कमान कुठेय? चहा दोनदा झाला. मी झूम करून कडा दाखवली, अण्णांना ती सावली वाटली. शेवटी तारखेच्या रकान्यात काहीच भरलं नाही, कीवर्ड १९८३ आणि १९८४ दोन्ही दिले म्हणजे कुठलंही शोधलं तरी फोटो येतो, आणि कॅप्शनमध्ये लिहिलं: 'वर्ल्डकपची कमान. अण्णांच्या मते १९८३, पेंटर काकांच्या मते १९८४ (कटआउटची कडा उडालेली).' वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, त्याचं नाव आधी का नाही लिहिलंस, नाहीतर म्हणेल वशिला लावला, आणि पुढचा फोटो काढ.